एकाच खेळाडूचा अभ्यास
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा पाठ)



कोलकात्याचे सियालदह स्थानक म्हणजे उत्तर बंगालसाठी महानगराचे प्रवेशद्वार. दार्जिलिंग मेलसारख्या गाड्या रात्रभर धावून सकाळी येथे पोहोचतात. नोकरी, शिक्षण, औषधोपचार अशा नाना कारणांनी माणसे उतरतात; त्यांच्यात पाठीवर पिशवी घेतलेली खेळाडू मुलेही असतात, कारण भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे मोठे केंद्र याच शहराच्या सॉल्ट लेक भागात आहे. चहाच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जलपाईगुडी जिल्ह्यातील स्वप्ना बर्मन ही खेळाडू याच केंद्रात प्रशिक्षक सुभाष सरकार यांच्या हाताखाली घडली.

स्वप्नाचे वडील रिक्षा ओढत, आई चहाच्या मळ्यात काम करी. तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे आहेत. बाजारातील बूट पाच बोटांच्या पावलासाठी बनतात. त्यांत तिची बोटे आवळली जात आणि उडी घेताना, पाय टेकताना वेदना होत. तिचा क्रीडाप्रकार हेप्टाथलॉन, म्हणजे दोन दिवसांत सात स्पर्धा. ऑगस्ट 2018 मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत, दुखऱ्या दाढेमुळे गालावर पट्टी चिकटवून ती उतरली आणि 6026 गुणांसह तिने सुवर्णपदक जिंकले. हेप्टाथलॉनमध्ये आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय.

या 6026 गुणांच्या आत डोकावले, तर सात निरनिराळ्या कहाण्या दिसतात. उंच उडीत तिला 1003 गुण मिळाले, भालाफेकीत 872. या दोन्हींत ती पहिली होती. 200 मीटर धावण्यात मात्र 790 गुणांसह ती सातवी आली. पदकतालिकेत राहते ती केवळ बेरीज. प्रशिक्षकाचे काम त्या बेरजेने भागत नाही. हे पाऊल, ही उडी, हा भाला यांचे आपसांत नाते काय, हे त्याला या एकाच खेळाडूकडून शिकावे लागते.

गंमत अशी की, समूहाच्या मोजमापाचे शास्त्र भारतात ज्या शहरात रुजले, तेही कोलकाताच. सियालदहपासून जवळच, कॉलेज स्ट्रीटवरील प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रशांतचंद्र महालनोबीस पदार्थविज्ञान शिकवीत. 1920 मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या नागपूर अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अनंडेल यांनी त्यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे अभ्यासण्यास सुचवले. त्या कामातून 1922 चा त्यांचा निबंध सिद्ध झाला. पुढे 1931 मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. किती गणवेश शिवावेत, कोणत्या मापाचे किती बूट बनवावेत, या प्रश्नांना समूहाची मापेच उत्तर देतात. परंतु सहा बोटांच्या पावलाला कोणता बूट द्यावा, हे सरासरीला सांगता येत नाही. तेथे व्यक्ती-अभ्यास हवा.

व्यक्ती-अभ्यासात खेळाडूची तुलना तिच्या स्वतःच्या कालच्या कामगिरीशी होते. साताऱ्याच्या माणदेशातील ललिता बाबर हिचे 3000 मीटर स्टीपलचेसमधील आकडे पाहावेत. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत 9 मिनिटे 35.37 सेकंद, 2015 मध्ये वुहानला 9:34.13, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत 9:27.86; आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत 9:19.76. दोन वर्षांत पंधरा सेकंदांहून अधिक वेळ कमी झाला. मात्र तो कशामुळे, हे या चार आकड्यांतून कळत नाही. हवा, प्रतिस्पर्धी, शर्यतीचा वेग, सरावातील बदल, सारेच त्यांत मिसळलेले आहे. कारण शोधायचे तर शर्यतींच्या मधल्या दिवसांची नोंदवही लागते.

ती नोंदवही ठेवण्याची रीत साधी, पण कडक आहे. समजा, नववीतील एका मुलीची लांब उडी सुधारायची आहे. प्रथम काहीही न बदलता, एकाच मैदानावर, एकाच वेळी, आठ-दहा सरावांतील उड्या मोजाव्यात. ही झाली आधाररेषा. नंतर एकच गोष्ट बदलावी आणि मोजणी तशीच चालू ठेवावी. बदल बुटांचा असेल, तर काही दिवस जुने बूट पुन्हा घालून पाहता येते. कौशल्याचे तसे नसते; एकदा अंगवळणी पडलेली धाव विसरायला सांगता येत नाही. तेव्हा अभ्यासक दुसरी वाट धरतात. लांब उडी, गोळाफेक आणि धावण्याचा प्रारंभ या तिन्हींची मोजणी एकाच दिवशी सुरू होते, पण शिकवणी आज एकीची, तीन आठवड्यांनी दुसरीची, सहा आठवड्यांनी तिसरीची. प्रत्येक कौशल्य आपापली शिकवणी सुरू झाल्यावरच सुधारले, तर श्रेय शिकवणीला देता येते. तिन्ही एकदमच सुधारली, तर ती केवळ वाढत्या वयाची किमया असू शकते. वाढत्या मुलांच्या बाबतीत हा भेद फार मोलाचा आहे.

दीर्घकाळच्या अशा मोजणीतून काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिटनची मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफ. शरीरशास्त्रज्ञ अँड्र्यू जोन्स यांनी 1992 पासून 2003 पर्यंत तिच्या चाचण्या घेतल्या. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता त्या काळात फारशी बदलली नाही. पण ठरावीक वेगाने धावताना लागणारा ऑक्सिजन सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाला. 2003 मध्ये तिने लंडनला 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. एकदाच चाचणी घेऊन थांबले असते, तर ही काटकसर कोणालाच दिसली नसती.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट सांगावयास हव्यात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगवरील 2005 च्या एका शोधनिबंधात त्याची कार्यक्षमता सात वर्षांत 8 टक्क्यांनी वाढल्याचे म्हटले होते. पुढे त्या मोजणीवर आक्षेप आले, आणि 2013 मध्ये त्याने उत्तेजके घेतल्याची कबुलीही दिली. एकाच व्यक्तीच्या आकड्यांमागे दडलेले कारण अभ्यासकाला चकवू शकते. म्हणून निष्कर्ष दुसऱ्या, तिसऱ्या खेळाडूवर पुन्हा पडताळावा लागतो. स्वप्नाच्या बाबतीतही घाई नको. आदिदास कंपनीने तिच्या पावलांसाठी खास बूट घडवले ते पदकानंतर. म्हणजे जकार्ताचे यश त्या बुटांच्या खात्यावर लिहिता येत नाही. आणखी एक जबाबदारी आहे. शंभर जणांच्या अभ्यासात नाव झाकता येते. सहा बोटांच्या सुवर्णविजेतीचे नाव कसे झाकणार? म्हणून नोंदीवर पहिला हक्क खेळाडूचा, आणि तिची संमती आधी.

या शाळेच्या मैदानाने साठ वर्षांत असंख्य पावले पाहिली. शाळांच्या क्रीडानोंदी बहुधा पहिल्या तीन क्रमांकांवर संपतात. जो मुलगा एका वर्षात बाराव्याचा सातवा झाला, त्याची नोंद कोठेच राहत नाही; आणि तो कसा झाला, हे ज्या शिक्षकांना ठाऊक असते, ते निवृत्त झाले की ते ज्ञानही त्यांच्यासोबत जाते. महागडी यंत्रे नसली तरी चालेल. एक टेप, एक घड्याळ आणि प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान एवढे पुरे आहे. पालकांनीही शेजारच्या मुलाचा क्रमांक विचारण्याआधी ते पान पाहावे. एखादे वेगळे पाऊल तेथे वेळीच दिसेल, आणि पायाला दोष देण्यापूर्वी कोणीतरी बूट तपासून पाहील.

हीरक महोत्सवी वर्षात अशा एका वहीचा प्रारंभ व्हावा, ही सदिच्छा.