रंगाच्या पहिल्या हाताआधी

दसरा जवळ आला की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत गर्दी होते. कोणती छटा, कोणती कंपनी, यावर घराघरांत खल चालतो. पॉलिश पेपर कितव्या नंबरचा आणायचा, हे कोणी विचारत नाही. भिंत गुळगुळीत होणार की नाही, ते मात्र त्या कागदावरच ठरतं. म्हणून आज बोलू या प्रायमर झाल्यावर आणि रंगाचा पहिला हात मारण्याआधी करायच्या कामाविषयी.

प्रायमर लावला म्हणजे भिंत तयार झाली, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर भिंतीचे दोष तेव्हाच उघडे पडतात. सगळीकडे एकसारखा पांढरा थर आला की पुट्टीच्या पट्टीच्या कडा, बारीक खड्डे, ब्रशच्या रेघा दिसू लागतात. संध्याकाळी दिवा बंद करा, बॅटरी भिंतीला टेकवा आणि आडवा उजेड पाडा. दोष दिसेल तिथे पेन्सिलीने हलकी खूण करा. खड्ड्यात पुट्टी भरा, वाळल्यावर घासा आणि तेवढ्याच जागेवर पुन्हा प्रायमर लावा. हा शेवटचा प्रायमर टाळला तर ती पुट्टी रंग जास्त शोषते आणि तिथे निस्तेज डाग राहतो.

घासायचं कधी? डब्यावर तास लिहिलेले असतात, पण ते चांगल्या कोरड्या हवेतले. आपल्या भागात सगळीकडे हवा एकसारखी नाही. आळेफाटा, मंचरकडे भिंती लवकर सुकतात. आहुप्याला किंवा नाणेघाटाच्या बाजूला पाऊस उघडला तरी ओल भिंतीतून हटत नाही. एका कोपऱ्यात कागद फिरवून बघा. कोरडी पांढरी भुकटी पडली तर काम सुरू करा. कागदावर गोळ्या चिकटल्या तर थांबा. भिंतीतच ओल असल्याचा संशय असेल, तर प्रायमर लावण्याआधीच प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर भिंतीवर ठेवा. आतून दव धरलं तर ओल आहे. नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्यावेत.

पुट्टी घासायला १२० ते १८० नंबरचा कागद चालतो. प्रायमरवर २२० ते ३२० चा घ्या. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला तो गुंडाळा, म्हणजे बोटांच्या दाबाने खळगे पडणार नाहीत. हात हलका ठेवा. खालचा गिलावा किंवा लाकूड उघडं पडलं तर तिथे पुन्हा प्रायमर लावावा लागेल. दार-खिडक्यांवर लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. तेलाच्या प्रायमरला तर हे घासणं हवंच, कारण गुळगुळीत थरावर पुढचा रंग नीट पकड घेत नाही. शेवटी ब्रशने धूळ झाडा, ओलसर फडक्याने पुसा आणि भिंत सुकू द्या. धुळीवर मारलेला रंग धुळीलाच चिकटतो आणि तिच्याबरोबर सुटतो.

इथे एक सावधगिरी सांगतो. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. जुन्या वाड्यांच्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर त्याआधीचे तेलरंग असतात आणि त्यांच्या धुळीत शिसं असू शकतं. असे थर कोरडे घासू नका. वॉटर पेपरने पाणी लावून घासा, मास्क बांधा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा.

आधी पृष्ठभाग आणि मग रंग, ही शिस्त आपल्या मुलखाला जुनीच आहे. अजिंठ्याच्या चित्रांखाली भुसा आणि तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग. आपल्या लेण्याद्रीला गणपतीच्या, म्हणजे सातव्या लेण्यातही नंतरच्या काळातल्या गिलाव्याच्या आणि चित्रांच्या खुणा आहेत. आदिवासी पाड्यांतल्या बायकाही आधी खाचखळगे बुजवून भुई चोपतात, मगच सारवायला घेतात.

मग आज घासकाम का टळतं? कारण ते हिशेबात नसतं. चौरस फुटाचा एकच दर ठरवून आपण घासाघीस करतो. मग रंगाऱ्याला दर परवडायला जिथे वेळ वाचवता येतो, तिथे तो वाचवतो. ती जागा म्हणजे हे घासकाम. तेव्हा ठेका ठरवताना प्रायमरनंतरचं घासणं, खड्डे भरणं आणि पुन्हा प्रायमर लावणं या कामांची मजुरी वेगळी लिहा आणि ती पूर्ण द्या. हे काम झाल्यावर, रंगाचा डबा उघडण्याआधी, रंगाऱ्याबरोबर बॅटरी घेऊन एकदा सगळ्या भिंती बघा. रंगाचा एखादा हात कमी पडला तर तो पुढे मारता येतो. खालची कसर भरून काढायची तर वरचा सगळा रंग पुन्हा घासावा लागतो.