घोरणे, निद्रा आणि श्वासयंत्र
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. फळा आणि खडू यांच्या सहवासात आयुष्य वेचलेला एक शिक्षक आहे. आजचा विषय मला अनुभवाने शिकविला. तीन वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर विद्यार्थ्यांचा गुणगौरव चालू असता मी खुर्चीतच झोपी गेलो, हे अनेकांस स्मरत असेल. आपण हसलात, मीही हसलो. माझी पत्नी मात्र हसली नाही. घोरता घोरता माझा श्वास थांबतो, म्हणून ती कित्येक रात्री उशाशी जागत होती, हे मला त्या दिवशी कळले.

निद्रेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. असे प्रसंग तासाला ५ हून कमी असल्यास चिंता नसते. ३० वा अधिक असल्यास विकार तीव्र समजतात. निद्रातपासणीत माझा आकडा ४२ निघाला. यावर ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडलेला उपाय म्हणजे सीपॅप यंत्र. मुखवट्यावाटे हवेचा दाब देऊन ते श्वासमार्ग उघडा ठेवते.

यंत्र घरी आले. परंतु आठच दिवसांत मी ते कपाटात ठेविले. नाक कोरडे पडे, डोळ्यांवर वारा येई. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. मुखवटा मी बसून बांधीत असे. आडवा होताच तो सरके. पुढे डॉक्टरांनी शिकविले की, आडवे होऊन, यंत्र चालू ठेवूनच पट्टे बसवावे आणि ते फार आवळू नयेत. चेहऱ्यावर तेल नसावे. मुखवट्याची गादी रोज सौम्य साबणाने धुवावी. आर्द्रतेच्या भांड्यात ऊर्ध्वपातित पाणी रोज ताजे घालावे. त्याने नाकाचा कोरडेपणा जातो. ज्याचे तोंड उघडे राहते, त्याने नाक व तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा विचारून घ्यावा. दिवसा वाचताना तासभर मुखवटा लावून मी सवय केली. दाबाचा आकडा मात्र आपल्या मनाने बदलू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नियम. पहाटे मुखवटा काढून ठेवला की विकार परततो; वामकुक्षीही त्याला अपवाद नाही. लग्नकार्यास जाताना 'लोक काय म्हणतील' म्हणून आपण यंत्र घरी ठेवितो. बंधूंनो, चष्म्याची लाज आपणांस वाटत नाही, मग श्वासाची का वाटावी? भगिनींनो, पतीचे घोरणे थट्टेवारी नेऊ नका. आणि तुम्हांसही हा विकार होतो, तो लपवू नका.

आज यंत्रावरील माझा आकडा ५ च्या खाली आहे. माझी पत्नी रात्रभर झोपते आणि मी या सभेत अखेरपर्यंत जागा आहे.