पत्ता नसलेल्यांचे घर



घरकुलाच्या अर्जात नाव, गाव आणि पत्ता लिहावा लागतो. ज्याला घर आहे त्याला ते लिहिणे सोपे. ज्याचे उभे आयुष्य पालात गेले, त्याने त्या रकान्यात काय लिहावे? गरिबांच्या घरांविषयीच्या शासकीय धोरणाची खरी कसोटी या एका रकान्यात आहे.

घरकुल योजनांचा इतिहास लहान नाही. १९८५ साली ग्रामीण भागासाठी इंदिरा आवास योजना सुरू झाली. २००१ साली अटलबिहारी वाजपेयी यांच्या शासनाने शहरांतील झोपडीवासीयांसाठी वाल्मिकी-आंबेडकर आवास योजना आणली. २०१६ साली ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना आली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान ठरले आणि घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर झाले. पैसे हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थीच्या बँक खात्यात जाऊ लागले. बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले जाऊ लागले. मधल्या हातांना त्यामुळे मोठा पायबंद बसला, हे श्रेय निःसंशय द्यावे लागेल.

परंतु २०१६ साली ठरलेली ही रक्कम २०२४ मध्ये आणखी २ कोटी घरांना मंजुरी देतानाही तशीच राहिली. सिमेंट, लोखंड, वाळू आणि गवंड्याची मजुरी मात्र जागेवर थांबली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली ५० हजार रुपयांची भर घातली, हे योग्यच झाले. अनुदान अपुरे पडले की गरीब माणूस सावकाराचे दार ठोठावतो आणि घराबरोबर कर्जही उभे राहते.

अनुदानाने माणूस ऐतखाऊ होतो, असे काही सुशिक्षित म्हणतात. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. या योजनेत लाभार्थी स्वतः राबून घर बांधतो. शिवाय गृहकर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत मिळणारी २ लाखांपर्यंतची सवलत हेही एक अनुदानच आहे. ते मध्यमवर्गाला मिळते, म्हणून त्याला कोणी भीक म्हणत नाही.

खरी अडचण त्याहून खोल आहे, ती जमिनीची. अनुदान भिंतींसाठी मिळते. पण भिंत उभी करायला स्वतःची जागा लागते. भूमिहीनांना जागा घेता यावी म्हणून राज्य शासनाने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने योजना काढली. तिची मदत ५० हजारांवरून पुढे १ लाखापर्यंत वाढवण्यात आली. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तीत कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. कागदावर दोन्ही योजना उत्तम आहेत. पण हाती पैसे असले, तरी पारध्याला गावात जागा विकणार कोण? जातीचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा त्याने आणावा कोठून?

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. सोलापुरात त्यांना कुंपणाआड ठेवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, तारेचे कुंपण तुटले. गावाच्या मनातले कुंपण अनेक ठिकाणी अजून तुटायचे आहे. ते कोणत्याही अनुदानाने तुटणार नाही. तेथे शासनाची हद्द संपते आणि समाजाचे दायित्व सुरू होते.

धाराशिव जिल्ह्यातील यमगरवाडीच्या प्रकल्पाने पारध्यांची मुले शाळेत आणली. सुट्टी लागली की त्या मुलांनी परतायचे कोठे? पोलीस केव्हाही उठवतील अशा पालात? शिकलेल्या मुलाला परतायला हक्काचे दार नसेल, तर त्याचे शिक्षणही अर्धेच राहते.

म्हणून काम साधे आहे आणि कठीणही. आपल्या गावाच्या वेशीबाहेरच्या पालांवर जावे. कुटुंबांची यादी करावी. दाखल्यांसाठी त्यांच्यासोबत तहसील कचेरीच्या पायऱ्या चढाव्यात. ग्रामसभेत त्यांच्या जागेचा विषय निघेल, तेव्हा उभे राहून ‘ही आपलीच माणसे आहेत’ एवढे म्हणावे. अंत्योदय हा शब्द व्यासपीठावरून उच्चारणे सोपे आहे. तो ग्रामसभेत, शेजाऱ्यांच्या नाराजीसमोर उच्चारला जाईल, त्या दिवशी अर्जातील पत्त्याचा तो रिकामा रकाना भरलेला असेल.