विमान जोडलं, मग हिशेब जोडला

आम्ही कळव्याच्या बचत गटातल्या बायका. पारसिकच्या डोंगराखाली, रेल्वेच्या रुळांलगत आमची वस्ती. या कार्यक्रमात आम्ही आजवर पापड, मसाले, कापडी पिशव्या, बँकेचे हप्ते यांवर बोललो. आज विमानावर बोलणार आहोत. खऱ्या नव्हे, प्लॅस्टिकचे तुकडे जोडून, रंगवून केलेल्या छोट्या विमानावर. तुम्ही हसाल, पण ऐका. यात बाईच्या वेळेची किंमत किती, हा प्रश्न दडलाय आणि तो तुमच्याही गटात आहे.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका ताईंच्या नववीतल्या मुलीला तिच्या मामानं वाढदिवसाला विमानाचं किट दिलं. एअरबस ए-३२० या प्रवासी विमानाचं. घर एका खोलीचं, पसरायला जागा नाही. म्हणून रविवारी दुपारी गटाच्या सभेच्या खोलीत ती खोकं घेऊन बसायला लागली. हळूहळू आम्हीही तिच्याभोवती बसलो.

खोक्यावर १:१४४ असं छापलेलं. म्हणजे खऱ्या विमानाची १४४ सेंटिमीटर लांबी इथे एक सेंटिमीटर. खरं ए-३२० साधारण साडेसदतीस मीटर लांब, तर आपलं २६ सेंटिमीटर. पाच फुटांची बाई या मापानं केली, तर जेमतेम एक सेंटिमीटरची होईल! नववीचं गुणोत्तर आमच्यातल्या कितीतरी जणींना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

आता काम कसं चालतं ते सांगतो. खोक्यात तयार विमान नसतं. पातळ चौकटींना चिकटलेले सुटे भाग असतात, प्रत्येकावर नंबर. सोबत चित्रांचा कागद. आधी सगळं साबणाच्या पाण्यानं धुवायचं, कारण साच्यातलं तेल राहिलं तर रंग धरत नाही. भाग हातानं ओढून तोडायचा नाही, छोट्या कटरनं कापायचा आणि कापलेली जागा पॉलिश पेपरनं घासायची. गोंद लावण्याआधी भाग कोरडेच जुळवून बघायचे. ब्लाउज शिवण्याआधी आपण कच्चा टाका घालतो ना, तसं.

गोंदही वेगळा. हे प्लॅस्टिक आणि थर्माकोल एकाच जातीचं, पॉलिस्टायरीन. मखर करणाऱ्यांना माहीत आहे, चुकीचा गोंद लावला की थर्माकोल विरघळतो. इथे त्याच गुणाचा उपयोग करतात. हा गोंद प्लॅस्टिकची कड किंचित वितळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. म्हणून थेंबभरच लावायचा. जास्त झाला तर भागाचा आकारच बिघडतो.

आणखी एक गंमत. विमान चाकांवर उभं करायचं असेल, तर पोटाचे दोन भाग मिटण्याआधी नाकाच्या पोकळीत वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. आम्ही लोखंडी नट मातीच्या लगद्यात बसवून भरले.

मग सांध्यात पुट्टी, पुन्हा घासणं, प्रायमर आणि रंग. इथे पेणचं माहेर असलेल्या आमच्या एका ताई कामाला आल्या. त्यांनी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम केलंय. त्या म्हणाल्या, पांढरा रंग एका हातात कधी बसत नाही. पातळ पातळ तीन-चार हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. पट्टा सरळ यायला कडेला चिकटपट्टी लावून रंगवायचं. मग चकचकीत वार्निशचा हात. त्यावर कंपनीचं नाव, खिडक्या, दारं यांचे स्टिकर. ते अर्धा मिनिट पाण्यात बुडवून कागदावरून अलगद सरकवायचे. हे काम मेंदी काढणाऱ्या पोरींचं. हात थरथरला की स्टिकर फाटतो आणि दुसरा मिळत नाही. शेवटी वरून पुन्हा वार्निश.

एक सूचना मात्र पक्की ध्यानात ठेवा. हा गोंद आणि थिनर यांचा वास डोक्यात चढतो आणि दोन्ही पेट घेतात. चुलीजवळ, गॅसजवळ, बंद खोलीत हे काम करायचं नाही. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी लांब राहायचं. पाण्यात मिसळणारे रंग मिळतात, तेच घ्यावेत.

पाच रविवार गेले आणि विमान तयार झालं. मुलीच्या शाळेत कौतुक झालं. तेवढ्यात विमानाची तिकिटं काढून देणारे एक दुकानदार गटाकडे आले. म्हणाले, काउंटरवर ठेवायला अशी सहा विमानं करून द्या, एकाचे साडेतीन हजार देतो. सहा विमानांचे एकवीस हजार! खोलीत एकदम गलका झाला. एका ताईंच्या मुलाची कॉलेजची फी भरायची होती. त्या म्हणाल्या, “बसल्या बसल्या मिळतंय, उद्याच हो म्हणून सांगा.”

त्या मुलीनं पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख आणि तास लिहून ठेवले होते. सगळ्यांचे मिळून ३४ तास झाले होते. हात बसल्यावर दुसऱ्या विमानाला कमी लागतील, म्हणून आम्ही एकेक काम धरून पुन्हा मांडणी केली. कापणं आणि घासणं ६ तास, जोडणं आणि पुट्टी ५, पुन्हा घासणं ४, रंग ७, स्टिकर ४. एकूण २६ तास. वाळायला लागणारा वेळ यात धरला नाही, कारण तेव्हा आपण दुसरं काम करतो.

मग खर्च. तेच किट आम्हाला २,२०० रुपयांना मिळत होतं. रंग, गोंद, पॉलिश पेपर, वार्निश यांचा एका विमानाचा वाटा ३५० रुपये. झाले २,५५०. साडेतीन हजारांतून हे वजा केले की ९५० उरतात. २६ तासांनी भागा. तासाला साधारण साडेछत्तीस रुपये! आमचा गट चपाती-भाजीच्या ऑर्डरी घेतो. त्यात सामान, गॅस वजा जाता एका बाईला तासाला ८० रुपये सुटतात. म्हणजे बारीक नजरेचं, मान मोडणारं काम करून चपात्या लाटण्याच्या निम्म्याहूनही कमी.

तरी वाद झाला. फीवाल्या ताई म्हणाल्या, “चपातीची ऑर्डर रोज कुठे असते? रिकाम्या वेळाला किंमत कसली?” हा प्रश्न खोटा नव्हता. काम नसलेल्या दुपारी साडेछत्तीस रुपयेही मोठेच वाटतात. पण दुसऱ्या एकीनं विचारलं, “ती दुपार खरंच रिकामी असते का?” मग आम्ही एकेकीची दुपार मांडली. पाणी भरणं, दळण, पोरांचा अभ्यास, सासूबाईंचं औषध. रिकामी म्हणतो ती दुपार कुठल्या ना कुठल्या कामातून कापूनच काढलेली असते. शिवाय एकदा साडेतीन हजार हा भाव पडला, की पुढचं गिऱ्हाईकही तोच मागणार.

शेवटी दोन निर्णय झाले. ताईंची फी अडायला नको, म्हणून त्याच सभेत गटाच्या अंतर्गत कर्जातून त्यांना रक्कम दिली. गरज आणि भाव यांची गाठ सोडवली. गरजेपोटी केलेला सौदा नेहमी पडत्या भावानंच होतो. दुसरं म्हणजे, आपला भाव आपण ठरवला. २६ तास, तासाला ८० रुपये, म्हणजे २,०८०. सामानाचे २,५५०. मोडतोड आणि ने-आण १७० रुपये. एकूण ४,८००. निम्मे पैसे आगाऊ, म्हणजे किट आमच्या खिशातून घ्यायला नको.

दुकानदारांनी बरीच घासाघीस केली. शेवटी सहाऐवजी दोनच घेतली, पण आमच्या भावानं. सहा मिळाली असती तर बरं वाटलं असतं, हे खरं. पण त्या दोन विमानांत सात जणींनी जेवढे तास दिले, तेवढ्याचे पैसे प्रत्येकीच्या हातात पडले. वहीत बघून वाटप केलं, म्हणून कुरबूर झाली नाही.

हे ऐकून कुणी तुम्हाला “घरबसल्या जोडणीचं काम देतो, आधी ठेव भरा” म्हणालं, तर सावध राहा. काम देणाऱ्यानं आगाऊ द्यायचं असतं, करणारीनं नव्हे.

आणि त्या मुलीचं काय? ती आता विचारते, पायलट व्हायला काय शिकावं लागतं. आम्ही तिला सांगितलं, १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला गेलं, तेव्हा कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख आणि शेजारी बसल्या होत्या निवेदिता भसीन. दोन्ही पायलट बायका. आणि बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, हेही सांगितलं. खेळण्यावर कशाला पैसे घालवायचे, असं सुरुवातीला म्हणणाऱ्या तिच्या आजी आता गणिताच्या क्लासची चौकशी करतात.

भगिनींनो, तुमच्याकडे विमानाचं किट नसेल. गोधडी असेल, कुरडया असतील, राख्या असतील. पुढच्या सभेआधी एवढंच करा. एक वस्तू निवडा. ती करताना सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ वहीत लिहा. विकलेल्या किमतीतून सामान वजा करा, उरलेल्याला तासांनी भागा. आकडा येईल तो सभेत मोठ्यानं वाचा. कमी आला तर लाजू नका, त्या आकड्यावरच बोला. भाव वाढवायचा, वेळ कमी करायचा की ते काम सोडायचं, हे तुमच्या गटानंच ठरवायचंय.