निवृत्तीनंतर परराज्यात?

अंधेरी-मुलुंडची जागा विकून बेळगावास जावे काय, हा प्रश्न अनेक निवृत्तांपुढे असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे हल्लीच्या कर्नाटकात गेले. तेथे शेजार मराठी मिळेल, पण कचेरीतला कागद कन्नड येईल. पेन्शन कोठेही मिळते. सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड नोंदलेल्या रुग्णालयांत देशभर चालते. पंचाहत्तरीनंतरचा एस.टी.चा मोफत प्रवास मात्र महाराष्ट्राच्या सीमेवर संपतो. हा जमाखर्च कागदावर मांडता येईल. अपरात्री हाकेला धावणारा शेजारी त्यात मांडता येत नाही. तेव्हा आधी तेथे भाड्याने राहून एक पावसाळा काढा. तोवर इथली जागा विकू नका. उपनगरातले घर एकदा गेले, की साठवलेल्या पैशांत पुन्हा होणे कठीण.