रद्दीतला चित्रकार: कुर्ट श्विटर्स

ट्रामचं वापरलेलं तिकीट, चॉकलेटचं वेष्टन, तुटकं लाकूड, जाळीचा तुकडा... जर्मनीतल्या हानोव्हरचा चित्रकार कुर्ट श्विटर्स हे सगळं चित्रात चिकटवायचा. ड्रेस्डेनच्या अकादमीत रीतसर शिकलेला हा माणूस पहिलं महायुद्ध संपता संपता टाकाऊ वस्तू वेचू लागला. सगळं मोडूनच पडलंय, तर नवं तुकड्यांतूनच घडवायचं, अशी त्याची धारणा.

१९३७ साली नाझींनी त्याची चित्रं 'अधःपतित कला' म्हणून टिंगलीसाठी मांडली. तोवर तो नॉर्वेला गेला होता; १९४० मध्ये तो ब्रिटनला पोहोचला. तिथे 'शत्रुदेशाचा नागरिक' म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबला गेला. रंगसाहित्याची चणचण. पठ्ठ्यानं जमिनीवरचं लिनोलियम काढून त्यावर चित्रं रंगवली, उरलेल्या लापशीची शिल्पं केली. त्यांना बुरशी आली, वासही सुटला म्हणे!

पोटासाठी तो साधी व्यक्तिचित्रं, निसर्गचित्रंही काढायचा. काही समीक्षक त्यांना नाक मुरडतात. मला मात्र वाटतं, चिकटचित्रांतला रंगांचा तोल त्या सरावातूनच आला. १९४८ मध्ये तो वारला. इंग्लंडमधल्या एल्टरवॉटर गावच्या कोठारात त्यानं कलाकृती म्हणून घडवायला घेतलेली, अर्धवट राहिलेली भिंत आता न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत आहे.