गादी सरकली, आता ऑपरेशन?

कंबरेतून निघालेली कळ मांडीमागून पोटरीत उतरते, एमआरआय होतो आणि कुणीतरी सांगतं, "मणक्यांमधली गादी सरकलीय, नस दबलीय." घरात घबराट! पण एमआरआयचा कागद म्हणजे दुखणं नव्हे. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली.

गादीतून बाहेर आलेला मऊ गर शरीर बरेचदा हळूहळू शोषून घेतं. म्हणून बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत आराम पडतो. तोवर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, झेपेल तेवढं चालणं, मग फिजिओथेरपी. अंथरूण धरून बसू नका. आणि कुणाकडून कंबर मोडून घेणं तर नकोच.

तरीही पायातली कळ हटेना, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त. तिनं आराम लवकर पडतो. वर्ष-दोन वर्षांनी मात्र शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्यांतला फरक बराच कमी होतो.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर थांबू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.